गोव्यात घर लावताय? ट्रॉल्यांची घाई करू नका

गोव्यात बदली होते, फ्लॅट मिळतो, सामान येतं आणि पहिल्याच आठवड्यात घरात स्वयंपाकघराचा विषय निघतो. ओटा तयार असतो, पण खाली सगळं उघडं. डबे फरशीवर, गॅसची टाकी समोर. मग कुणीतरी सांगतं की आता तयार ट्रॉल्या मिळतात, सपाट खोक्यांतून सुट्या फळ्या येतात, घरी जोडायच्या, सुतारापेक्षा बरंच स्वस्त पडतं. ते खरंच आहे. मिरजेहून फोंड्याला आल्यावर मीही तेच केलं. जूनच्या सुरुवातीला कपाटं बसवली आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या साफसफाईला सिंकखालचं दार उघडलं, तर तळाची फळी चहात बुडवलेल्या पावासारखी फुगलेली. कडेची पट्टी सुटून लोंबत होती. बोटाने दाबलं तर ओला भुसा बोटाला लागला. दुकानदार म्हणाला, पाइप गळत असेल. पाइप ठणठणीत होता. जून ते सप्टेंबर इथे हवेतच पाणी असतं. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो थांबला तरी ओल घरातून हलत नाही. घाटावरून आलेल्या माणसाला हे पहिल्या वर्षी कळत नाही, म्हणून एवढं लिहिते आहे.

तुम्ही मे-जूनमध्ये आला असाल तर माझं ऐका, पहिला पावसाळा ट्रॉल्यांशिवाय काढा. स्टीलची मांडणी आणा, ओट्याला पडदा लावा, चार महिने निभतं. त्या चार महिन्यांत स्वयंपाकघराची भिंत नीट बघून ठेवा. कुठे पोपडे येतात, कुठे काळी बुरशी धरते, खिडकीतून पावसाची झड कुठवर येते, मोरीकडच्या कोपऱ्यात मुंग्या आणि वाळवीच्या मातीच्या रेघा दिसतात का. खडूने खुणा करा. दिवाळीनंतर त्या खुणा बघून कपाटं ठरवलीत तर पैसे वाया जाणार नाहीत. आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आलेल्या बार्शीच्या जोडप्याने असंच केलं. त्यांच्या मागच्या भिंतीला ओल येते हे आधीच कळल्यामुळे त्यांनी त्या बाजूला कपाट घेतलंच नाही, तिथे नुसती स्टीलची रॅक ठेवली.

आता फळीबद्दल. स्वस्त ट्रॉल्या बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या असतात, वरून छान लॅमिनेट. त्या लॅमिनेटवर भुलू नका, ते फक्त वरचं. दुकानात फळीचे उरलेले तुकडे असतात, दोन-तीन मागून घ्या. देत नसतील तर ते दुकान सोडा. घरी पातेल्यात पाणी घेऊन रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी कोरड्या तुकड्याशेजारी धरा. मी दुसऱ्या वेळी हे केलं तेव्हा पार्टिकल बोर्डची जाडी नुसत्या डोळ्यांना वाढलेली दिसत होती आणि नखाने कडा उकलत होती. साध्या एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीच्या कडाही सुजल्या होत्या. एचडीएचएमआर म्हणून मिळणारा, ओलीला जास्त दाद न देणारा घट्ट दाबलेला बोर्ड बराच टिकला. प्लायच्या तुकड्याला काही झालं नाही. प्लाय घेताना नुसतं ‘वॉटरप्रूफ’ ऐकून घेऊ नका. मरीन प्लायवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ७१० हा आकडा छापलेला असतो, तो स्वतः बघा आणि बिलावर लिहून घ्या.

सगळं स्वयंपाकघर मरीन प्लायचं करायची गरज नाही, तेवढं बजेटही नसतं. सिंकखालचा बॉक्स, म्हणजे कपाटाचा सांगाडा, आणि ओल्या भिंतीला टेकणारे बॉक्स चांगले घ्या, बाकी ठिकाणी एचडीएचएमआर चालतो. शटरं, म्हणजे दारं, साधी घ्या. ती पाच वर्षांनी बदलता येतात, बॉक्स बदलणं म्हणजे सगळं उपसणं. सिंकखाली डब्ल्यूपीसीची, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेली तळफळी टाकली तर ती फुगत नाही आणि वाळवीही खात नाही. मात्र डब्ल्यूपीसी उष्णतेने मऊ पडतो आणि रुंद फळीवर डाळ-तांदळाचे डबे ठेवले तर मध्ये वाकतो, त्यामुळे शेगडीजवळ आणि जड सामानाखाली तो नको.

मापाच्या बाबतीत मात्र थोडं थांबून वाचा, कारण इथेच जास्त लोक फसतात. तयार बॉक्स बहुधा ७२० मिलिमीटर उंच असतो, त्याखाली १०० मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे पाय. एकूण ८२०. आपला ओटा फरशीपासून ३४ इंच, म्हणजे ८६३ मिलिमीटर. वाटतं, सहज बसेल. पण ओट्याचा कडप्पा आणि त्यावरचा ग्रॅनाइट मिळून ४५-५० मिलिमीटर जातात. खाली उरतात ८१५ च्या आसपास, आणि पाच मिलिमीटरसाठी बॉक्स आत जात नाही. माझ्या समोर हे एका घरात झालं, माणसं आठ खोकी फोडून बसली होती. म्हणून ओट्याच्या वरून नाही, खालच्या अंगाने माप घ्या. पाय फिरवून किती खाली जातात ते आधी विचारा. रुंदीचंही तसंच. दोन उभ्या कडप्प्यांमधलं अंतर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी भरेल ते धरा. त्यातूनही दहा मिलिमीटर सोडा, उरलेल्या फटीला पट्टी लावता येते. फरशी मोरीकडे उतरती असते, तिथे पाय जास्त उघडावे लागतील.

भिंतीवरच्या कपाटांना इथे वेगळाच त्रास आहे. गोव्यातली जुनी घरं आणि बऱ्याच इमारतीही चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. ड्रिल लावलं की लाल भुकटी पडते आणि भोक हवं त्यापेक्षा मोठं होतं. मग प्लग आत नुसता फिरतो. इथे ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नुसतं फिरवून भोक पाडा, लांब प्लग वापरा आणि कपाट दोन स्क्रूंवर न टांगता भिंतीभर आडवी धातूची पट्टी अनेक ठिकाणी पक्की करून तिच्यावर टांगा. पट्टीचा एखादा स्क्रू पिलरमध्ये मिळाला तर उत्तम. पट्टी लागली की तिला दोन्ही हातांनी लोंबकळून बघा. त्याखाली आपण रोज उभं राहणार आहोत. भाड्याच्या घरात भोक पाडण्याआधी घरमालकाला विचारा आणि घर सोडताना कपाटं तुम्ही नेणार, हे करारात लिहून घ्या.

समुद्राजवळ, म्हणजे मिरामार, कळंगुट, कोलवा या बाजूला राहत असाल तर बिजागऱ्या आणि चॅनेल, म्हणजे ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्या, स्टेनलेस स्टीलचेच घ्या, ३०४ ग्रेडचे. लोक चुंबक लावून बघायला सांगतात. पण २०२ ग्रेडलाही चुंबक धरत नाही, त्यामुळे त्याने फरक कळत नाही. ग्रेड बिलावर हवी. दर विचारताना तो नुसत्या बॉक्सचा आहे की शटर, हँडल, बिजागऱ्या, जीएसटी, पोहोच आणि फिटिंग धरून, हे एकेक करून विचारा. दुपारी एक ते तीन-चार दुकानं बंद असतात, तेव्हा फोन करू नका.

जोडायला सुतार बोलवायचा तर इथे त्याला मेस्त म्हणतात. ‘फाल्यां येतां’ म्हणजे उद्या येतो. चवथीच्या आधी आणि नंतर पंधरा दिवस माणूस मिळत नाही, तेव्हा ती तारीख टाळा. स्वतः जोडणार असाल तर दोघं लागतात. आधी लाकडी डॉवेल, म्हणजे फळ्या जुळवणाऱ्या गोल खुंट्या, मग कॅम लॉक, म्हणजे फिरवून फळ्या आवळणारी गोल चकती. कॅम हाताच्या पेचकसानेच फिरवा, अर्धा फेरा पुरतो. मशीन लावलं की फळी फाटते. मागची पातळ फळी ठोकण्याआधी बॉक्सचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. ते सारखे भरले तर बॉक्स गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. एवढं चुकलं तर शटरं आयुष्यभर वाकडी दिसतात. पाइपसाठी भोक पाडलं की त्याच्या उघड्या कडेला लगेच सिलिकॉन भरा, ओल तिथूनच आत शिरते. टाकी कपाटात ठेवणार असाल तर खालच्या बाजूला जाळी हवीच, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी साचतो.

जूनच्या शेवटाकडे एखादं शटर शेजारच्याला घासायला लागेल. घाबरू नका आणि रंधा तर अजिबात मारू नका. बिजागरीवर दोन-तीन स्क्रू असतात, त्यातला एक फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकतं. पाव फेरा फिरवा, दार लावून बघा. जोडताना उरलेल्या स्क्रूंची आणि कॅमची ती छोटी पिशवी कुठल्या तरी बरणीत घालून वरच्या फळीवर ठेवा.