विषुववृत्ताजवळ, पण डोंगरावर: बॅगेत काय भराल?

विषुववृत्ताजवळचं शहर म्हणून नुसते पातळ सुती कपडे नेऊ नका. समुद्रसपाटीपासून वर जाताना दर हजार मीटरला तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं. कोलंबियाची राजधानी बोगोटा सुमारे २,६०० मीटरवर आहे, तिथे रात्री चांगलीच थंडी वाजते. जाडजूड कोटापेक्षा टी-शर्ट, त्यावर पातळ स्वेटर आणि वर पाणी न शिरणारं जॅकेट बरं. दुपारी एकेक काढता येतं, पाऊस आला की चढवता येतं. सनस्क्रीन आणि टोपी मात्र विसरूच नका! उंचावर हवा विरळ, त्यामुळे अतिनील किरणं जास्त पोहोचतात आणि गारव्यात त्वचा भाजतेय हे कळतही नाही. चढउतारासाठी न घसरणारे, आधी वापरलेले बूट घ्या.