जमिनीत प्रदूषण सापडलं? सफाईला स्वतःचे पैसे घालायच्या आधी जुन्या पॉलिसी शोधा (अमेरिकेतल्या मालकांसाठी)

इंडियाना राज्यात आमच्या घरच्यांनी सहा दुकानांचा छोटा स्ट्रिप मॉल घेतला होता. तिथे एके काळी ड्रायक्लिनर होता हे माहीत होतं पण त्याचं एवढं काय असं वाटलं, आणि मग विकायला काढल्यावर गिऱ्हाइकाच्या बँकेने माती आणि पाणी तपासायला लावलं तर खाली पर्क निघालं. पर्क म्हणजे कपडे धुवायचं सॉल्व्हंट, टेट्राक्लोरोइथिलीन. ते पाण्यापेक्षा जड असतं त्यामुळे फरशीच्या भेगांतून खाली जातं, भूजलात उतरतं आणि वर त्याची वाफ दुकानांमध्ये येते. १९८० च्या सुपरफंड कायद्याप्रमाणे (प्रदूषित जागांच्या सफाईचा अमेरिकी कायदा) आजचा मालक जबाबदार, त्याने स्वतः एक थेंब सांडलेला नसला तरी. यातून सुटायच्या वाटा आहेत पण त्यासाठी खरेदीच्या आधीच नीट तपासणी केलेली असावी लागते, आम्ही केली नव्हती.

खर्चाचा आकडा ऐकून घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नाही. मग वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, १९८६ च्या आधीच्या विम्याचे कागद कुणाकडे आहेत?

हा प्रश्न का, ते आधी समजून घ्या. धंद्याची जी साधी लायबिलिटी पॉलिसी असायची, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारी, सीजीएल म्हणतात तिला, ती बहुतेक 'ऑकरन्स' प्रकारची होती. म्हणजे नुकसान पॉलिसीच्या काळात घडलेलं असलं की पुरे, क्लेम चाळीस वर्षांनी आला तरी चालतो. १९७५ साली सॉल्व्हंट झिरपत होतं तर १९७५ ची पॉलिसी आजही जिवंत आहे, प्रीमियम भरणारा माणूस हयात नसला तरी. १९७३ च्या सुमारास विमा कंपन्यांनी 'अचानक आणि अपघाताने' झालेलं प्रदूषणच कव्हर करू अशी अट घातली, त्या शब्दांवरून वेगवेगळ्या राज्यांच्या कोर्टांनी वेगवेगळे निकाल दिलेत, आणि १९८६ पासून प्रदूषण जवळजवळ पूर्णच वगळलं. पण इंडियानात १९९६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने कायगर केसमध्ये, जी एका गॅस स्टेशनच्या, म्हणजे पेट्रोल पंपाच्या, गळतीचीच होती, सांगितलं की वगळण्याची ही भाषा संदिग्ध आहे म्हणून ती विमा घेणाऱ्याच्या बाजूने वाचायची. त्यामुळे इंडियानात असाल तर १९८६ नंतरच्या पॉलिसीही लगेच बाद समजू नका.

आता कामाला लागा. आधी त्या जागेचा इतिहास लिहून काढा, कोणत्या वर्षी मालक कोण, भाडेकरू कोण, धंदा काय. कारण जागा विकत घेतली म्हणून आधीच्या मालकाची पॉलिसी आपोआप तुमची होत नाही, इथे खूप जण गोंधळतात. पण जुना मालक किंवा तो ड्रायक्लिनर हेही कायद्याने जबाबदार असतात, तुम्ही त्यांच्यावर दावा केलात की त्यांचा विमा पुढे येतो. त्यांची कंपनी बंद पडली असेल तरी काही राज्यांत तिच्या विम्यापर्यंत पोचता येतं.

मग शोध. मूळ पॉलिसी क्वचितच मिळते, म्हणून तिच्या खुणा शोधायच्या: अकाउंटंटच्या खतावणीतल्या प्रीमियमच्या नोंदी, वटलेले चेक, जुन्या ब्रोकरच्या फायली, बँकेच्या कर्जाची कागदपत्रं, जुने कोर्टातले दावे. आणि लीज! लीज नक्की वाचा, कारण भाडेकरूने विमा घ्यावा आणि मालकाचं नाव त्यात घालावं अशी अट त्यात अनेकदा असते, तिच्यासोबत विम्याचं सर्टिफिकेट जोडलेलं असू शकतं. आम्हाला असंच एक पिवळं पडलेलं सर्टिफिकेट मिळालं, त्यावर पॉलिसी नंबर होता, आणि तेवढ्या एका कागदावर पुढचं सगळं उभं राहिलं. पॉलिसी होती आणि तिच्यात काय होतं हे सिद्ध करायची जबाबदारी आपली असते, त्यामुळे एकही चिठ्ठी रद्दीत टाकू नका. हेच काम करणारे लोक असतात, त्यांना इन्शुरन्स आर्किऑलॉजिस्ट म्हणतात. विमा कंपनीच बुडाली असेल तर राज्याच्या गॅरंटी फंडाकडे, म्हणजे बुडालेल्या विमा कंपन्यांचे क्लेम बघणाऱ्या निधीकडे, चौकशी करा.

कागद मिळाले की सापडलेल्या प्रत्येक विमा कंपनीला ताबडतोब लेखी नोटीस द्या, आणि हे सफाईला हात लावायच्या आधी करा. आम्ही घाईघाईत एका कन्सल्टंटला आधीच पैसे दिले आणि ते कधीच परत मिळाले नाहीत, कारण कंपनीला न विचारता केलेला खर्च ती सहसा नाकारते. उशिरा कळवलं हेही कारण पुढे करतात.

नोटिशीनंतर कंपनी दोन गोष्टी देणं लागू शकते, तुमचा बचाव (म्हणजे वकिलांचा वगैरे खर्च) आणि नुकसानभरपाई. बचावाचा खर्च सुरू व्हायला 'दावा' लागतो. सरकारी खात्याचं पत्र म्हणजे दावा का, यावर कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने १९९८ मध्ये नाही म्हटलं तर टेक्सासच्या कोर्टाने २०१५ मध्ये ईपीएच्या (केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या) पत्रांना हो म्हटलं, म्हणून तुमच्याच राज्यातला आणि विमा घेणाऱ्याच्या बाजूने लढणारा वकील घ्या. 'स्वतःच्या मालमत्तेचं नुकसान कव्हर नाही' असं उत्तर येईल, घाबरू नका, भूजल सहसा तुमची खासगी मालमत्ता धरत नाहीत, म्हणूनच पाण्याचे रिपोर्ट फार महत्त्वाचे.

शेवटी कंपनी बहुतेक वेळा एकरकमी तडजोड पुढे करते आणि त्या बदल्यात जुनी पॉलिसी कायमची परत मागते. रक्कम बघून मोह होतो, आम्हालाही झाला. पण शेजाऱ्याच्या तळघरात उद्या वाफ निघाली आणि त्याने दावा लावला तर ती पॉलिसी तेव्हा नसेल, म्हणून सफाईला अजून किती वर्षं लागणार हे इंजिनिअरकडून लेखी घेतल्याशिवाय सही करू नका.