खरेदीखताचा मसुदा सहीआधी कसा वाचावा

निफाड-दिंडोरीकडची शेतजमीन घेताना खरेदीखत बहुधा ठरीव साच्यातूनच निघतं. नावं, गट नंबर, रक्कम बदलली जाते. जुन्या दस्तातली एखादी ओळ तशीच राहते आणि पुढे तीच नडते. म्हणून मसुदा दोन दिवस आधी मागवा. दुय्यम निबंधकाच्या दारात टोकनची वाट बघत वाचन होत नाही.

सुरुवात मिळकतीच्या वर्णनापासून करा. ताजा सातबारा शेजारी ठेवून ‘तुकडी जिल्हा नाशिक, पोटतुकडी तालुका निफाड’पासून चतुःसीमेपर्यंत (चारही बाजूंच्या हद्दी) ताडून पाहा. सर्वाधिक चुका क्षेत्रात होतात. बोलण्यात ‘1.20’ म्हणजे एक एकर वीस गुंठे, सातबारावर 1.20 म्हणजे 1 हेक्टर 20 आर, जवळजवळ तीन एकर. एक एकर वीस गुंठ्यांचे हेक्टरमध्ये 0.60.70 (0 हेक्टर 60 आर 70 चौरस मीटर) होतात. क्षेत्र हेक्टर-आरमध्येच, अंकी आणि अक्षरी लिहून घ्या. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा दाखवा. चतुःसीमेत शेजाऱ्याच्या नावाबरोबर त्याचा गट नंबरही हवा, कारण मालक बदलत राहतात.

विहीर दुसऱ्या गटात असेल तर ‘झाडझाडोऱ्यासह, पाण्यासह’ एवढ्यावर भागवू नका. विहिरीचा गट नंबर, हिस्सा किती आणे, पाण्याची पाळी, मोटारीचं वीज कनेक्शन कोणाच्या नावावर, पाइपलाइन कोणाच्या बांधावरून जाते, हे सगळं स्वतंत्र परिच्छेदात येऊ द्या. रस्त्याचंही तसंच: कुठून, किती फूट रुंद, बैलगाडीचा की ट्रॅक्टरचा. तोंडी ठरलेलं दस्ताच्या मजकुराविरुद्ध जात असेल तर न्यायालय सहसा ऐकून घेत नाही.

मग क्रियापदं तपासा. ‘ताबा दिला आहे’ आणि ‘ताबा देण्यात येईल’ यांत वादाचं अख्खं प्रकरण मावतं. शीर्षक खरेदीखत आणि आत ‘विकण्याचे कबूल केले आहे’ असं असेल तर ते वाक्य साठेखताचं (पुढे विकण्याच्या कराराचं) आहे, काढायला लावा. साठेखतानं मालकी येत नाही. पैशांच्या भरण्याच्या मजकुरात चेक नंबर, तारीख, बँक हवी. 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोखीनं घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे.

‘निर्वेध व बोजारहित’ हे शब्द साच्यात असतातच. सातबाराच्या इतर हक्कात सोसायटीचा बोजा (कर्जाची नोंद) दिसत असेल तर आधी तो कमी झाल्याचा फेरफार, म्हणजे नोंद बदलल्याचा उतारा, मागा. ‘तोशीस लागल्यास लिहून देणार यांनी स्वखर्चाने निवारण करावी’ (म्हणजे घेणाऱ्याला त्रास झाला तर विकणाऱ्यानं आपल्या खर्चानं तो दूर करावा) ही ओळ मात्र राहू द्या, ती खरोखर उपयोगी पडते.

ऐनवेळी पेनानं दुरुस्ती झाली तर प्रत्येक खाडाखोडीपाशी आणि मोकळ्या जागेपाशी लिहून देणाऱ्यांच्या सह्या घ्या. नोंदणी कायद्याच्या कलम 20 नुसार त्या नसतील तर दस्त नाकारता येतो. नोंदणीनंतर चूक सापडली तर चूक दुरुस्तीपत्र करून तेही नोंदवावं लागतं. त्यासाठी विकणाऱ्याची सही परत लागते, आणि पैसे मिळालेला माणूस दुसऱ्यांदा सहजासहजी येत नाही.