प्लॅटिनमला हरवलं म्हणण्याआधी या चुका टाळा

फ्युएल सेलमध्ये (हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवणारा सेल) ऑक्सिजनची रिअ‍ॅक्शन वेगाने व्हायला लागणारं प्लॅटिनम महाग पडतं, म्हणून लोखंड-नायट्रोजन-कार्बनवाला कॅटॅलिस्ट करायचा, झिफ-8 मध्ये (झिंक आणि सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र जाळी) चिमूटभर लोखंड घालून आर्गॉनमध्ये 900-1000 डिग्रीला भाजायचं, ही रेसिपी आता बऱ्याच लॅबमध्ये कुणी ना कुणी करतंच. बनवणं त्यामानाने सोपं आहे, माती होते ती टेस्टिंगमध्ये.

माझंच सांगतो. पीएचडीला असताना आमचं एक सॅम्पल अ‍ॅसिडमध्ये जितकं सायकल करू (व्होल्टेज वर-खाली फिरवू) तितकं चक्क सुधारत होतं. गाईडना ग्राफ दाखवून झाला, पेढे वाटायचे तेवढे बाकी. मग एका सिनिअरने सेलमध्ये डोकावून विचारलं, "काउंटर काय लावलायस रे?" काउंटर म्हणजे सर्किट पूर्ण करणारा दुसरा इलेक्ट्रोड, आमची होती प्लॅटिनमची वायर. ती अ‍ॅसिडमध्ये थोडी थोडी विरघळते आणि आपल्याच डिस्कवर (कॅटॅलिस्ट लावलेला फिरता इलेक्ट्रोड) येऊन बसते, म्हणजे प्लॅटिनमला पर्याय म्हणून आम्ही प्लॅटिनमच मोजत होतो. ग्राफाइट रॉड लावला आणि सगळी जादू गायब. तुम्हाला शंका असेल तर नायट्रोजनमध्ये सीव्ही (व्होल्टेज पुढे-मागे फिरवून करंटचा ग्राफ) काढा, 0.05 ते 0.35 व्होल्टमध्ये हायड्रोजनचे उंचवटे दिसायला लागले की समजा पाहुणा आलाय.

दुसरी गोष्ट म्हणजे तुलनेसाठी घेतलेलं प्लॅटिनमच मुद्दाम नाही पण आळसाने वाईट बनवलेलं असतं. 0.1 मोलर पर्क्लोरिक अ‍ॅसिड, 1600 आरपीएम, ऑक्सिजन पूर्ण भरलेला, यात लिमिटिंग करंट (ऑक्सिजन पोहोचण्याच्या वेगाने ठरणारा कमाल करंट) 6 मिलिअँपिअर प्रति चौ. सेंमीच्या आसपास यायला हवा, तुमचा 4 येतोय तर आधी फिल्म बघा, कडेला जाड आणि मध्ये टक्कल पडलंय का. 5 मिमीच्या डिस्कवर एकदम मोठा थेंब ओतू नका. 6 मिग्रॅ प्रति मिलिची इंक (कॅटॅलिस्ट मिसळलेला द्रव) असेल तर 10 मायक्रोलिटरचे 2 थेंब, पहिला सुकल्यावर दुसरा, की झालं 0.6 मिग्रॅ प्रति चौ. सेंमी. आणि हो, प्लॅटिनम तिथे 20 मायक्रोग्रॅम प्रति चौ. सेंमी असतं, त्यामुळे दोन्हीचं लोडिंग (दर चौ. सेंमीला किती माल) ग्राफवरच लिहा, लपवू नका. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स इलेक्ट्रोड (व्होल्टेज मोजायचा आधार) गळका असेल तर क्लोराइडने प्लॅटिनम मार खातं आणि आपण उगाच जिंकतो.

व्होल्टेजचा स्कॅन जोरात मारू नका. या कार्बनचा पृष्ठभाग प्रचंड, कपॅसिटिव्ह करंटच (नुसता पृष्ठभाग चार्ज होण्याचा) एवढा येतो की त्यालाच अ‍ॅक्टिव्हिटी समजून बसाल, 5 मिलिव्होल्ट प्रति सेकंद ठेवा आणि नायट्रोजनवाला वजा करा.

केओएचमध्ये (अल्कलीत) भारी आलं म्हणून नाचू नका, तिथे चांदी आणि मँगनीज ऑक्साइडसुद्धा चालतात. गाडीतल्या फ्युएल सेलची मेम्ब्रेन (दोन इलेक्ट्रोडमधला पडदा) अ‍ॅसिडवाली असते.

भाजल्यावर उरलेलं मोकळं लोखंड अ‍ॅसिडने नीट धुवा. नाहीतर ते सेलमध्ये तयार होणाऱ्या पेरॉक्साइडशी फेंटन रिअ‍ॅक्शन करतं आणि तयार झालेले रॅडिकल मेम्ब्रेन खातात.

शेवटी खऱ्या सेलमध्ये टाकलं की पहिल्या काही तासांतच करंट घसरतो, आणि सगळे लगेच म्हणतात कॅटॅलिस्ट मेला. थांबा जरा, हा थर प्लॅटिनमच्या थरापेक्षा कितीतरी जाड असतो, त्यात पाणी तुंबतं. कोरडा नायट्रोजन सोडून सुकवा आणि परत चालवा. करंट परत आला तर दोष पाण्याचा, नाही आला तर साइट्स (रिअ‍ॅक्शन घडते त्या जागा) गेल्या, मग बसा परत भट्टीपाशी.