आधी वही, मग स्क्रीन : खानदेशात नव्याने वर्गावर जाणाऱ्यांसाठी

नव्या शिक्षकांची पहिल्या महिन्यातली तक्रार ठरलेली असते : मोबाईलमुळे मुलं दहा मिनिटंही लक्ष देत नाहीत. ही तक्रार अर्धीच खरी आहे. तीच मुलं गेम खेळताना तासभर हलत नाहीत, कारण तिथं दर मिनिटाला काहीतरी करावं लागतं आणि चुकलं की लगेच कळतं. वर्गातली चूक मात्र पंधरा दिवसांनी, चाचणीच्या पेपरवर कळते. आधी हे अंतर कमी करा. त्याला प्रोजेक्टर लागत नाही.

तासाची पहिली पाच मिनिटं पुस्तक बंद ठेवा. कालच्या धड्यावर तीन प्रश्न, उत्तरं वहीत, मग शेजाऱ्याशी वह्या बदलून तिथल्या तिथं तपासणी. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006च्या प्रयोगात पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा धडा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. हातातल्या फोनवर सगळं सापडणाऱ्या मुलांना ही आठवण्याची सवयच राहिलेली नसते, म्हणून हा भाग कधीही गाळू नका. या प्रश्नांना गुण मात्र देऊ नका. गुण आले की नकलाही आल्याच.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा पुरे. त्यात दोनदा थांबवायचं आणि ‘पुढं काय होईल?’ ते प्रत्येकाने वहीत एका ओळीत लिहायचं. सलग दहा मिनिटं लावलात तर वर्ग शांत बसतो, आणि नवा शिक्षक त्या शांततेला समजणं मानतो. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवर जे मिळतं, त्यातलं डाउनलोड होईल ते आदल्या रात्रीच उतरवून ठेवा. मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून एकदा चालवून बघा. इथंच बहुतेकांची फजिती होते, कारण फाइल उतरली असं वाटतं पण ती नेटवरूनच चालत असते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात तर याशिवाय इलाज नाही. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, पूर्वेच्या खिडकीतून ऊन सरळ समोरच्या भिंतीवर येतं आणि चित्र पुसट दिसतं. खिडकीच्या समोरची भिंत सोडून बाजूची घ्या. फोनचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नाही. छोटा स्पीकर घ्या, तोही चार्ज करून.

सगळ्यात जास्त मेहनत प्रश्नांवर घ्या. ‘एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट, केळीची लागवड 5 बाय 5 फुटांवर केली तर एकरी किती झाडं?’ फोन क्षणात 1742 सांगतो. रावेर-यावलच्या वर्गात याच्यापुढचा प्रश्न विचारा : घरी शेतात तेवढी खोडं का बसत नाहीत? मग बांध, गाडीरस्ता, विहिरीची जागा अशी उत्तरं येऊ लागतात, आणि एरवी गप्प बसणारं पोरगं बोलतं. मात्र क्रम पाळा : आधी वहीत अंदाज, मग कागदावर गणित, शेवटी फोन. क्रम उलटला की अंदाज कुणीच करत नाही.

चॅटजीपीटीवरून लिहून आणलेला निबंध पकडण्यात शक्ती घालवू नका. उलट दहा वाक्यांचा उतारा तुम्हीच द्या आणि त्यात तीन चुका पेरा. तापीवरचा उतारा असेल तर ‘गिरणा सातपुड्यात उगम पावते’ हे वाक्य घाला. ती येते सह्याद्रीतून, कळवणच्या बाजूने. चूक मुलांनी शोधायची आणि नकाशावर बोट ठेवून सिद्ध करायची, नुसतं ‘चूक’ म्हणून चालणार नाही. अगदी उघड चुका पेरल्या तर काम दोन मिनिटांत संपतं; तीनपैकी एक तरी नकाशा उघडल्याशिवाय सापडणार नाही अशी ठेवा.

भाषेचं विसरू नका. व्हिडिओची मराठी छापील असते, घरात अहिराणी, पावरी किंवा भिली. मूल ‘माले समजनं नही’ म्हणालं तर आधी भाषा सुधारू नका, आधी त्याची शंका ऐकून घ्या. नवा शब्द आला की ‘घरी याला काय म्हणतात?’ विचारून दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहा.

आणि गृहपाठ फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. घरात फोन एकच असतो, तो सकाळी वडिलांबरोबर शेतात जातो आणि रात्री आधी भावाच्या हातात पडतो. बहिणीपर्यंत पोचेतो ती झोपलेली असते. फोनशिवाय पूर्ण होईल असाच गृहपाठ द्या आणि सुटायच्या आधी पाच मिनिटं तो फळ्यावर लिहा. कापूस वेचणीच्या दिवसांत गैरहजेरी वाढते, तेव्हा त्या आठवड्याचा गृहपाठ एका कागदावर लिहून शेजारच्या मुलाबरोबर घरी पाठवा.