डीएनए डॅमेजचे प्रयोग करताय? मग निदान या चुका तरी टाळा

दरवर्षी जून-जुलैत नवीन पोरंपोरी लॅबमध्ये येतात आणि गणपती येईपर्यंत त्यांचे प्रश्न सुरू होतात. ताई, कंट्रोलमध्येच टेल दिसतीये. ताई, फोसाय मोजायचे कसे, अख्खं न्यूक्लियसच हिरवं झालंय. ताई, पेरॉक्साइड दिलं तरी काहीच होत नाहीये, सेल लाइन रेझिस्टंट असेल का? नाही बाळा, सेल लाइन रेझिस्टंट नाहीये. तीच तीच उत्तरं देऊन कंटाळा आलाय म्हणून एकदाचं लिहून टाकते. कॉमेट ॲसे (जेलमधल्या पेशीला करंट दिला की तुटलेला डीएनए धूमकेतूसारखा हेडमधून बाहेर सरकतो, ती टेल) आणि गॅमा-एचटूएएक्स स्टेनिंग (ब्रेकच्या जागी अँटिबॉडीने चमकणारे ठिपके, म्हणजे फोसाय), या दोघांपुरतंच, कारण बहुतेकांची सुरुवात इथेच होते आणि गाडी अडकते तीही इथेच.

घड्याळ कधी सुरू झालं तेच माहीत नसणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. रेडिएशन दिलं की डॅमेज झालं आणि आता आपण मोजेपर्यंत ते तिथेच पडून राहणार, असं का कोण जाणे पण सगळ्यांना वाटतं. पडून कशाला राहील? पेशी जिवंत आहे, ती त्या क्षणापासून दुरुस्तीला लागलेली असते. १ ग्रे (डोसचं एकक) गॅमा दिलं तर एका मानवी पेशीत साधारण १००० सिंगल स्ट्रँड ब्रेक (डीएनएची एकच साखळी तुटलेली) होतात आणि ४० च्या आसपास डबल स्ट्रँड ब्रेक (दोन्ही साखळ्या तुटलेल्या). हे जे हजार आहेत ते ३७ डिग्रीला मिनिटांच्या हिशोबात भरून निघतात, अर्ध्या तासात त्यातले बहुतेक गायब. डबल स्ट्रँडवाल्यांना तास लागतात. आणि अल्कलाइन कॉमेटमध्ये तुम्ही जी टेल बघता ती मुख्यतः त्या हजारांचीच असते, ४० ची नाही. आता सांगा, इरॅडिएशन आणि लायसिस (पेशी फोडणं) यांच्यात तुम्ही चहा पिऊन आलात तर मोजणार काय?

आमच्याकडे एक ज्युनियर होता, हुशार, कष्टाळू, फक्त भयंकर घाई. गॅमा चेंबर (रेडिएशन द्यायचं मशीन) आमच्या बिल्डिंगमध्ये नाही, दुसऱ्या कॅम्पसला जावं लागतं, म्हणजे संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तासभर तरी धरा. पठ्ठ्या फ्लास्क घेऊन गेला, २ ग्रे दिलं, फ्लास्क थर्मोकोलच्या डब्यात घालून परत आला, डब्यात बर्फ नाही कारण "बर्फाने सेल्स शॉकमध्ये जातील ना ताई", उलट मिडियम कोमट राहावं म्हणून शेजारी गरम पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या. इथे आल्यावर ट्रिप्सिन, स्पिन, जेल, लायसिस, आणि स्लाइडवर पेन्सिलने लिहिलं "० मिनिट". अर्थातच कंट्रोल आणि २ ग्रे दोन्ही सारखेच, गोल गोल हेड, टेल नावालासुद्धा नाही. कुणी विचार केला असता की काहीतरी चुकलंय. यानं काय करावं? ही सेल लाइन रेडिओरेझिस्टंट आहे असा कॉन्फरन्सचा ॲबस्ट्रॅक्ट लिहायला घेतला. तो ड्राफ्ट माझ्याकडे स्पेलिंग तपासायला आला म्हणून वाचलो सगळे. स्पेलिंग बरोबर होतं.

माझी सवय सांगते. पेशी आधीच जेलमध्ये बसवायच्या, म्हणजे लो मेल्टिंग ॲगरोजमध्ये मिसळून स्लाइडवर ओतायच्या, मग ती स्लाइडच बर्फावर ठेवून घेऊन जायची. इरॅडिएशन बर्फावरच. थंडीत रिपेअर एन्झाइम जवळजवळ थांबतात, म्हणून बर्फ, लाड म्हणून नाही. आणि लायसिस सोल्युशन भरलेला कॉप्लिन जार सोबत न्यायचा, तोही बर्फात. चेंबरमधून ट्रे बाहेर आला की स्लाइड थेट जारमध्ये. तिथे २.५ मोलर मीठ आणि ट्रायटन त्यांचं काम करतात, मेम्ब्रेन जातं, हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रोटीन) निघून जातात, एन्झाइम संपतात, रिपेअर करायला कोणी उरतच नाही, मग खुशाल सिग्नलला थांबा. रिपेअरचा टाइम कोर्स हवा असेल तर काही स्लाइड ३७ डिग्रीच्या मिडियममध्ये टाकायच्या आणि घड्याळ तेव्हा सुरू करायचं. जाताना दोन डबे जास्त उचलावे लागतात हे मान्य, पण ते उचलायचा कंटाळा असेल तर दुसरा विषय घ्या.

फोसायचं मात्र उलटं आहे, आणि इथे लोक दुसऱ्या बाजूने घसरतात. गॅमा-एचटूएएक्स म्हणजे तुटलेला डीएनए नव्हे, तुटल्यावर पेशीनं वाजवलेली घंटा आहे. ब्रेक झाला की एटीएम नावाचं कायनेज (फॉस्फेट लावणारं एन्झाइम) जागं होतं आणि एचटूएएक्स हिस्टोनच्या १३९ व्या सेरीनवर फॉस्फेट लावत सुटतं, ब्रेकच्या दोन्ही बाजूंना लाखो बेसपर्यंत. एवढा मोठा पट्टा रंगतो म्हणून तर साध्या मायक्रोस्कोपखाली ठिपका दिसतो. याला वेळ लागतो. ठिपके मिनिटांत दिसायला लागतात पण भरात येतात अर्ध्या तासाच्या सुमाराला. बर्फावरून काढून लगेच फिक्स केलंत तर कमीच दिसणार, आणि मग अँटिबॉडी खराब आली म्हणून कंपनीला मेल जाणार.

डोस चार्टवर आंधळा विश्वास

चेंबरच्या शेजारी भिंतीवर डोस रेटचा कागद चिकटवलेला असतो. त्याच्यावरची तारीख बघा! कोबाल्ट-६० चं हाफ लाइफ ५.२७ वर्षं आहे, म्हणजे दर महिन्याला एक टक्क्याहून थोडं जास्त घटतं, वर्षाला साधारण १२ टक्के. पिवळा पडलेला कागद बघून टायमर लावला तर तुमचा २ ग्रे हा २ ग्रे नसतो. बाकी काही बोलत नाही.

पेरॉक्साइड मिडियममध्ये टाकणं

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड सगळेच वापरतात, स्वस्त आहे, परमिशन लागत नाही. पण बऱ्याच डीएमईएममध्ये (पेशी वाढवायचं नेहमीचं मिडियम) १ मिलिमोलर सोडियम पायरुवेट असतं आणि पायरुवेट पेरॉक्साइडला खाऊन टाकतं, सरळ केमिकल रिॲक्शन आहे, ॲसिटेट आणि कार्बन डायऑक्साइड बनून मोकळं. तुम्ही १०० मायक्रोमोलर टाकलं, समोर दहापट पायरुवेट बसलंय, पेशीपर्यंत पोचणार काय, कपाळ? म्हणून पेशी धुवायच्या, पीबीएसमध्ये (साधा मिठाचा बफर) ट्रीट करायच्या, बर्फावर पाच मिनिटं, आणि परत घड्याळाचं वर सांगितलंय ते. बाटलीवर ३० टक्के लिहिलंय म्हणून ते ३० टक्केच आहे असंही नाही, वर्षानुवर्षं उघडझाप झालेली बाटली असते ती. मी दर वेळी २४० नॅनोमीटरला ॲब्झॉर्बन्सचं रीडिंग घेते, १० मिलिमोलरला ०.४३६ यायला हवं. पोरं म्हणतात एवढं कशाला. एवढ्यासाठीच, की नंतर सेल लाइनला रेझिस्टंट म्हणायची वेळ येऊ नये.

प्रत्येक हिरवा ठिपका म्हणजे डबल स्ट्रँड ब्रेक

१९९८ साली गॅमा-एचटूएएक्सचा पहिला पेपर आला तेव्हापासून हा मार्कर इतका लोकप्रिय झालाय की लोक विचार करायचंच विसरलेत. इमेज उघडायची, सॉफ्टवेअरला द्यायची, आकडा घ्यायचा, बार ग्राफ. अरे पण आधी डोळ्यांनी बघा ना, काय मोजताय ते.

पूर्ण न्यूक्लियस एकसारखं रंगलंय, ठिपके नाहीतच? ती पेशी बहुधा ॲपॉप्टोसिसमध्ये आहे, म्हणजे ठरवून मरतीये, स्वतःचाच डीएनए कापतीये. तिला "१५० फोसाय" म्हणून मोजू नका, बाजूला काढा, वेगळी टक्केवारी द्या. यूव्ही दिलं असेल तर ॲपॉप्टोसिस नसतानाही असा सरसकट रंग येऊ शकतो, ते एटीआरचं (एटीएमसारखंच दुसरं कायनेज) काम, तिथे डबल स्ट्रँड ब्रेक असायलाच हवा असं नाही. मग एस फेज, म्हणजे पेशी डीएनएची कॉपी करते तो काळ. कॉपी चालू असताना फोर्क (जिथे डीएनए उलगडून कॉपी होतो ती जागा) अडखळतात, त्यांचेही बारीक बारीक ठिपके दिसतात, काहीही ट्रीटमेंट न देता. भरभर वाढणाऱ्या कॅन्सर सेल लाइनमध्ये अशा पेशी भरपूर असतात, आणि तुमचं औषध पेशींना एस फेजमध्ये अडकवत असेल तर फोसाय वाढलेले दिसतील आणि तुम्ही खूश. मी ५३बीपी१ (ब्रेकवर जमणारं दुसरं प्रोटीन) सोबत लावते, दोन्ही एकाच जागी असतील तेच मोजते, आणि शक्य असेल तिथे ईडीयू (नवीन बनणाऱ्या डीएनएमध्ये शिरणारं लेबल) घालून एस फेजवाल्या वगळते. खर्च वाढतो. वाढू दे.

दोन वेगवेगळ्या सेल लाइनची नुसती इंटेन्सिटी शेजारी ठेवून तुलना करणारे तर धन्यच. एचटूएएक्स हा एचटूए हिस्टोनचाच एक प्रकार, आणि एकूण एचटूएमध्ये त्याचं प्रमाणच पेशीगणिक २ ते २५ टक्के असं बदलतं. टोटल एचटूएएक्सचा ब्लॉट (प्रोटीन किती आहे ते मोजणारी टेस्ट) लावल्याशिवाय ती तुलना माझ्यासमोर आणू नका.

आणि डीएनए न्यूक्लियसमध्ये कसा रचलेला आहे हे विसरलात तर टाइम कोर्सचा अर्थच लागणार नाही. दोन मीटर डीएनए पाच-दहा मायक्रॉनच्या गोळ्यात बसलाय, पण सगळीकडे सारखा दाटीने नाही. उंदराच्या पेशीत डॅपी (डीएनएला लागणारा निळा रंग) लावून बघा, चकचकीत निळे ठोकळे दिसतात, ते क्रोमोसेंटर, घट्ट हेटरोक्रोमॅटिन, म्हणजे दाबून बांधलेला डीएनए. तिथले ब्रेक उशिरा दुरुस्त होतात. जी१ मधल्या (एस फेजच्या आधीच्या) पेशीत साधारण १५ ते २५ टक्के ब्रेक असे रेंगाळणारे असतात आणि त्यांना एटीएम लागतंच, कॅप१ नावाच्या प्रोटीनला फॉस्फेट लावून ती जागा सैल करायला. फोसाय बहुतेक वेळा त्या निळ्या ठोकळ्याच्या कडेला चिकटलेले दिसतात, पोटात नाही. म्हणून २४ तासांनी उरलेले चार ठिपके बघून "रिपेअर फेल" असं लिहिण्याआधी ते कुठे आहेत ते बघा. मॅक्सिमम प्रोजेक्शन करून सगळे थर एकावर एक चेपलेत तर ही गोष्ट दिसणारच नाही, झेड स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरचे फोटो) एक एक करून सरकवा, बोट दुखत नाही त्याने.

डोसचंही तेच. मोजायचेत ना फोसाय? मग एक-दोन ग्रेच्या आत राहा. १० ग्रे देऊन ठिपके एकमेकांत मिसळतात आणि मग ते मोजणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

उरलेल्या, पटापट

फॉस्फो अँटिबॉडीसाठी दुधात ब्लॉकिंग करू नका, दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या.

ऑटो एक्सपोजर बंद. कंट्रोल आणि ट्रीटेड एकाच सेटिंगला, नाहीतर मायक्रोस्कोप तुमचा कंट्रोल इमानदारीत उजळून देतो.

कंट्रोलमध्येच टेल दिसत असेल तर आधी ट्रिप्सिनचा वेळ बघा, मग डोक्यावरची ट्यूबलाइट. मी कॉमेटच्या दिवशी दिवे मालवून काम करते आणि मला हसतात, हसू देत.

लाइव्ह पेशीला होक्स्ट (डीएनएचा निळा रंग) लावून अर्धा तास यूव्हीखाली बघत बसलात तर जे डॅमेज दिसेल ते तुमचंच.

पोस्टरवर डीएनए-हिस्टोनच्या गुंडाळीचा ३० नॅनोमीटरचा सुबक फायबर काढू नका. २०१७ मध्ये मानवी पेशींच्या न्यूक्लियसमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने बघितलं तेव्हा ५ ते २४ नॅनोमीटरच्या वेड्यावाकड्या माळाच दिसल्या. पाठ्यपुस्तकातलं चित्र उचलून लावलं की परीक्षक तिथेच बोट ठेवतात.

कॉमेटच्या रनचा अल्कलाइन बफर कालचा वापरू नका, रनच्या आधी पीएच १३ च्या वर आहे का ते बघा. टँकमधल्या बफरची लेव्हल जास्त झाली की करंट चढतो, तर बफर थोडा काढा, व्होल्टेज कमी करून वेळ वाढवायची आयडिया डोक्यातून काढा. आणि टँक यूपीएसवर आहे याची खात्री करा, मध्येच लाइट गेली तर ती रन फेकायची, "थोडंच राहिलं होतं" चालत नाही.

स्लाइडचं जेल लायसिसमध्ये सुटून येतं ही तक्रारही कायमचीच. आधी १ टक्का साध्या ॲगरोजचा पातळ थर द्यायचा, खालची बाजू पुसायची आणि रात्रभर सुकू द्यायचं, हेअर ड्रायरने नाही. ओल्या थरावर दुसरा थर ओतून जेल जारमध्ये साबुदाण्याच्या पापडासारखं तरंगताना दिसलं तर मला बोलवायला येऊ नका, नवीन स्लाइड कोट करायला घ्या.