पडवीत गाडी, अंगणात पाऊस: मोटरसायकल चार महिने बंद ठेवताना

मृग लागायच्या आत गावच्या घरी गाडी लावायची, मुंबई गाठायची आणि गणपतीला किंवा दसऱ्याला येऊन पुन्हा किक मारायची, हा कोकणातला नेहमीचा क्रम. पडवीतल्या गाडीवर थेंबही पडत नाही, तरी ती खराब होते. कारण हवेतली ओल.

जाताना शेजाऱ्याला एक गोष्ट मात्र सांगू नका: "आठवड्यातून एकदा स्टार्ट मारून ठेव." पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. इंजिन नीट तापलं तर ते वाफ होऊन बाहेर जातं. पाच मिनिटांच्या घुरघुरीत ते ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचतं. मग ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा फेस दिसतो आणि सायलेन्सर आतून कुजतो. सेल्फने खाल्लेला करंटही तेवढ्या वेळात बॅटरीत परत जात नाही. शेजारी पंधरा किलोमीटर फिरवून आणणार असेल तर ठीक, नाहीतर किल्ली सोबत घेऊन जा.

गाडी धुवा, विशेषतः मडगार्डच्या आतून, आणि समुद्राजवळ फिरली असेल तर दोनदा. मग दहा-बारा किलोमीटर चालवा, म्हणजे खाचाखोचांतलं पाणी सुकेल. वाटेत टाकी भरून घ्या, भरायच्या नळीच्या तळापर्यंत. अगदी काठोकाठ नको, पेट्रोल उष्णतेने फुगतं. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री गार होते आणि दरवेळी थोडी दमट हवा आत ओढते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी धरून ठेवतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. पेट्रोल ओढलं जातं तेही तळातूनच. फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल साठवणीत खराब होऊ न देणारं द्रव्य) मिळालं तर बाटलीवरच्या मापाने आधी ते टाका, मग पेट्रोल भरा आणि घरी येईपर्यंत गाडी चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागापर्यंत, पोहोचेल.

कार्ब्युरेटरची गाडी असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग कार्ब्युरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोलही काढा. ते आत राहिलं तर उडून जातं आणि मागे चिकट राळ उरते. पायलट जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र, चोंदतं, गाडी फक्त चोकवर चालते.

इंजिन गरम आहे तोवर ऑइल बदला. परत आल्यावर बदलू, असं म्हणू नका. जुन्या ऑइलमधलं आम्ल आणि पाणी चार महिने बेअरिंगवर बसून राहतं.

इंजिन गार झालं की स्पार्क प्लग काढा आणि छोटा चमचाभर, म्हणजे ५ मिली, स्वच्छ इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये सोडा. आता इंजिन फिरवायचं ते सेल्फने नाही, कारण इंजेक्शनच्या गाडीत तेव्हाही पेट्रोल फवारलं जातं. किल्ली बंद ठेवून मेन स्टँडवर टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवा. सिलिंडरच्या भिंतीला ऑइल लागेल. प्लग आधी बोटांनी आट्यावर बसवा, शेवटी पान्याने आवळा.

बॅटरी गाडीत सोडू नका. आधी निगेटिव्ह वायर काढा, मग पॉझिटिव्ह. बसवताना याच्या उलट. पूर्ण चार्ज बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.४ वर आली की चार्ज हवाच. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहावा हिस्सा, म्हणजे ५ एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. कारचा मोठा चार्जर लावलात तर बॅटरी उकळून मरते. ती मुंबईला नेऊन महिन्यातून एकदा चार्ज करणं सर्वांत बरं.

चेन रॉकेल किंवा डिझेलने धुवून सुकवा आणि ९० नंबरचं गिअर ऑइल सढळ हाताने लावा. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर ऑइलचा फडका फिरवा. तिथे गंजाचा एक खड्डा पडला तरी तो ऑइल सील फाडतो. क्रोमला व्हॅसलिन चालेल. डिस्कच्या आणि ब्रेकशूच्या जवळपास मात्र ऑइलचा हात नको.

उंदरांचा बंदोबस्त करा. एअर फिल्टरच्या तोंडाला बारीक जाळी, गार झालेल्या सायलेन्सरच्या तोंडाला पिशवी आणि रबरबँड. पिशवी आहे याची चिठ्ठी किल्लीला बांधा, विसरायला होतं. डांबराच्या गोळ्या जमिनीवर ठेवा, सीटवर नको.

गाडी मेन स्टँडवर, स्टँडखाली फळी. हवा नेहमीपेक्षा ४-५ पीएसआय जास्त, पण टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आत. मेन स्टँड नसेल तर पंधरवड्याने कुणीतरी चाक पाव फेरा पुढे ढकलावं. वरून जुनी सुती चादर. ताडपत्री घातली तर जमिनीची वाफ आतच कोंडते आणि सीटला बुरशी येते.

विम्याची तारीखही पाहून घ्या. मुदत संपून ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो.

परत आल्यावर आधी पिशवी काढा आणि फिल्टरमध्ये घरटं नाही ना ते बघा. बॅटरी जोडा, हवा नेहमीइतकी करा. क्लच प्लेटा चिकटल्या असतील, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून गाडी मागेपुढे ढकला. चालू झाल्यावर थोडा वेळ पांढरट धूर येईल, तो सिलिंडरमधल्या ऑइलचा. लगेच रेस करू नका. डिस्कवरचा तांबूस गंज पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो, तोवर अंगणाबाहेर काढू नका.